सूदी अक्काचा काटा

आमच्या अंगणवाडीच्या खोलीत, पत्र्याखालच्या लोखंडी दांडीला, लेकरं तोलायचा एक काटा टांगलेला आहे. गोल तबकडीचा, खाली आकडा आणि आकड्याला झोळी. रंगानं निळा. हा निळा रंग कारखान्यातला नव्हे. ऑइलपेंटचा डबा आणून एका बाईनं तो घरी फासला, आणि त्या बाईनं जन्मात कधी ब्रश धरला नव्हता हे आंधळ्यालाही कळेल. ओघळ जिथल्या तिथं वाळलेत, तबकडीच्या काचेवरही एक थेंब आहे. तपासणीला येणारे साहेब लोक मान वर करून विचारतात, "हे काय हो?" मी म्हणते, "जुना आहे साहेब, चालतोय." दुसरं काय सांगणार? तो रंग का फासावा लागला हे सांगायचं तर शेवंता सिस्टर सांगाव्या लागतील, आणि साहेबांना तेवढा वेळ नसतो.

भवानी पेठेतली आमची गल्ली म्हणजे दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट. गडीमाणसं मागावर, बाया उंबऱ्यात बसून विड्या वळतात. घरं बहुतेक तेलुगू. सिस्टर करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या, बोलणं अस्सल तिकडचं, आणि सगळी नोकरी सोलापुरात गेली तरी त्यांनी त्याला शहराचं पाणी लागू दिलं नाही. लस टोचायला, बाळंतिणी बघायला, लेकरं तोलायला त्या गल्लीत यायच्या. तेलुगूत सुईला सूदी म्हणतात, म्हणून त्या सूदी अक्का. गल्लीच्या तोंडाशी त्यांची चप्पल फटफट वाजली की पोरं ओरडायची, "सूदी अक्का वच्चिंदी!" म्हणजे सूदी अक्का आली, आणि ज्याला जिथं जागा सापडेल तिथं लपायची. एक पोरगं तर एकदा माझ्याच टेबलाखाली सापडलं.

सिस्टर आईच्या नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. दारात उभं राहून लेकराच्या नावानं हाक. लेकरू पाळण्यात असलं तरी त्याच्याच नावानं. आणि आतून आईनं "ओ" दिल्याशिवाय पुढं सरकायच्या नाहीत. नव्या सुना गोंधळायच्या. त्यांना सिस्टर समजावायच्या, "त्याला बोलता येत न्हाय तवर त्याची ओ तूच द्यायची. त्याचं सगळं तूच बोलायचं. ताप आला, जुलाब झालं, भूक लागली, समदं. न्हाय तर कुनाला कळनार गं?" हळूहळू गल्लीला ते वळण लागलं. सिस्टर आल्या की दारादारांतून ओ, ओ ऐकू यायचं आणि मी इकडं नोंदी काढून बसायची.

चहा त्यांनी कुणाच्या घरी घेतला नाही, पाणी मात्र प्रत्येक घरी मागायच्या. मला वाटायचं, बाई तहानेल्या आहेत, सोलापूरचं ऊन. पुढं लक्षात आलं की पाणी प्यायच्या थोडं आणि बघायच्या फार. पिंपावर झाकण आहे का, तांब्या बुडवला की ओगराळं. हात बुडवलेला दिसला की सुरू. "अगं, तंबाखूचा हात तो! त्या पान्यात लेकराचं पेज करनार व्हय? मग येकदा त्याला इडीच वड म्हन की!" बाया हसायच्या, तोंडाला पदर लावायच्या, आणि पुढच्या खेपेला पिंपाला दांड्याचं ओगराळं टांगलेलं असायचं.

गल्लीसमोरचा मोठा रस्ता ओलांडला की बंगले लागतात. सिस्टरांचं एक वाक्य मला पाठ आहे. "रस्ता वलांडला की लेकराचं वजन वाढतंय बगा, बाई." मी म्हटलं, हवा वेगळी असेल. त्या म्हणाल्या, "हवा कसली! तिकडं टाकीत पानी हाय नि मांडी रिकामी हाय. हितं चार-पाच दिसांनी पानी. आन् बाईला मांडी येकच. तिच्यावर येक तर सूप ऱ्हाईल, न्हाय तर लेकरू." त्यांनी हे चिडून म्हटलं नव्हतं, पण त्या दिवसापासून उंबऱ्यात विडीचं सूप घेऊन बसलेली बाई दिसली की माझी नजर आधी लेकराला शोधते.

काट्याचं प्रकरण सगळ्यांत अवघड. लेकरू तोलू नये, दृष्ट लागते, तोललं की झडतं, असं आमच्याकडं पक्कं समजतात. याआधीच्या एक नर्सबाई यावर रीतसर भाषण द्यायच्या आणि रिकामी झोळी घेऊन परत जायच्या. सिस्टरांनी भाषण दिलं नाही. त्यांनी पर्समध्ये गुळाचा खडा ठेवायला सुरुवात केली. देवाला नवस फेडताना लेकराची गूळतुला करतात, ती सगळ्यांना ठाऊक. सिस्टर आधी झोळीत गूळ ठेवायच्या, काट्याला हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "आज राजूची तुला हाय." मग राजू झोळीत. तोही उघडा नाही, कुणाची नजर पडू नये म्हणून दुपट्यात गुंडाळलेला. त्याच्याजवळ आईनं लोखंड ठेवलं असेल तर तेही राहू द्यायचं, कारण बाळाजवळ लोखंड असलं की बाधा होत नाही म्हणतात. मग लेकरू आईकडं, आणि दुपटं, लोखंड, जे काय असेल ते वेगळं तोलून वजा करायचं. शेवटी गुळाचा खडा आईच्या तोंडात. "आईनं खाल्लं की लेकराला पोचतं." समोर उभं राहून गिळायला लावायच्या, कारण बाया तो खडा पदरात बांधून सासूला नेऊन द्यायच्या.

नरसम्माच्या नातीच्या वेळी सिस्टर काय चीज आहे ते गल्लीला कळलं. नरसम्मा म्हणजे गल्लीतली थोरली, तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. नात काडीसारखी झालेली. सरकारी दवाखान्यात अशा लेकरांना आईसकट ठेवून घेतात, दोन आठवडे खाऊपिऊ घालून बाळसं आणतात. पण सून दवाखान्यात बसली तर विड्या कोण वळणार? आठवड्याला ठरल्या विड्या कारखान्यात पोचल्या नाहीत तर काम जातं. नरसम्मानं हात झटकले. "अक्का, पोरगी देवाची. काम गेला तर आम्ही कुणाचे?" सिस्टर उंबऱ्यात बसल्या. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, त्या बसायच्याच. म्हणाल्या, "तुज्या सुनंची पानं मला दे." आणि विडीच्या पानांची जुडी घेऊन गल्लीभर फिरल्या. एका घरी मूठभर, दुसऱ्या घरी मूठभर. "हिच्या वाटच्या तू वळ, तुज्या येळंला ती वळंल." सून लेकीला घेऊन दवाखान्यात गेली, विड्या कारखान्यात गेल्या, आणि पोरगी गाल घेऊन परत आली. नरसम्मानं सिस्टरांच्या कपाळाला एवढं मोठं कुंकू लावलं की त्या दिवशी त्या जोगतिणीसारख्या दिसत होत्या. मी तसं म्हटल्यावर माझ्यावरच डाफरल्या.

लक्ष्मी गल्लीत आली ती त्यानंतर. अक्कलकोटकडची, घरात कन्नड. तेलुगू येत नाही, मराठी बेताचं. नवरा मागावर, भाड्याची शेवटची खोली, ना सासू ना जाऊ. पहिला मुलगा मल्लिकार्जुन, मल्लू. मोठ्या डोळ्यांचा, लहान तोंडाचा. रडायचा नाही, हेच वाईट होतं. सिस्टरांचा त्याच्यावर जीव जडला, हे मी सरळच लिहिते, त्या काही आता कबूल करायला नाहीत. इतर दारांवर एक हाक, त्याच्या दारावर दोन. घरून शेंगादाणे भाजून, कुटून, गूळ घालून आणायच्या. तरी मल्लूचा काटा हलेना.

एका वजनाच्या दिवशी त्यांनी लक्ष्मीला शांतपणे सांगितलं, "पुडच्या बारीला वजन वाडलं न्हाय, तर दवाखान्यात जायचं. पानांचं मी बगते."

लक्ष्मी म्हणाली, "यव्वा! माज्या इड्या दुसऱ्यानं वळल्या तर कारखान्यातला चेकर टाकून देतंय, अक्का. आदीच नवी हाय मी."

"टाकनार न्हाय. मी हाय की."

लक्ष्मी मान डोलावून गेली. नरसम्माच्या सुनेच्या मागं अख्खी गल्ली होती. लक्ष्मीच्या मागं कोण होतं? तिची पानं गल्ली मनापासून वळेल यावर तिचा विश्वास बसला नाही, आणि कुणाशी बोलावं तर भाषा नाही.

पुढच्या बारीला ती सगळ्यांत शेवटी आली. मल्लू दुपट्यात घट्ट गुंडाळलेला. सिस्टरांनी झोळीत घातला आणि काटा सरकला. चांगला सरकला. सिस्टर तबकडीकडं बघतच राहिल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, बगा! बगा तरी!" तेवढ्यात मल्लू रडायला लागला, लक्ष्मीनं त्याला दुपट्यासकट उचललं, म्हणाली, "पानं भिजत घातल्याती, अक्का, जाते," आणि निघालीसुद्धा. सिस्टर गुळाचा खडा घेऊन तिच्या मागं गल्लीत धावल्या. दुपटं तोलायचं राहिलं. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच राहिलं, आणि ते आनंदात राहिलं. त्या दिवशी उरलेला गूळ त्यांनी मलाही चारला. दवाखान्याचा विषय अर्थातच मागं पडला.

उन्हाळा लागला. पाणी आणखी लांबलं. मल्लूला जुलाब सुरू झाले. पहिल्या दिवशी लक्ष्मीनं घरचंच काहीबाही केलं, आणि सिस्टरांना कळलं तेव्हा त्यांनी रिक्षा करून दोघांना दवाखान्यात नेलं. अंगावर मूठभर मांस असतं तरी लेकरू तरून जातं म्हणतात. त्याच्या अंगावर ते नव्हतं. सकाळी बाजूच्या घरच्या चुली पेटत होत्या तेव्हा लक्ष्मीचा नवरा त्याला त्याच दुपट्यातून गल्लीत घेऊन आला.

आम्ही दोघी भेटायला गेलो. बाया बसून उठून गेल्या होत्या. लक्ष्मी भिंतीला टेकलेली, समोर सूप, सुपात कुणीही हात न लावलेली पानं. सिस्टर आत गेल्या, मी दारातच थांबले. लक्ष्मीनं सुपातली पानं कापायची कात्री उचलली. जुनी, लोखंडी, जड. ती तिनं सिस्टरांच्या पायापाशी ठेवली.

"ही घातली हुती अक्का. दुपट्यात. तुमी दवाखान्यात धाडलं आसतं म्हनून. काम गेलं आसतं म्हनून." मग मराठी सुटलं, कन्नडात काहीतरी म्हणत राहिली. ते मला कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

मला वाटलं, आता सिस्टर ओरडतील. तोंड होतं त्यांना, मी ऐकलेलं. त्या खाली बसल्या. कात्री उचलून परत सुपात ठेवली, पानांखाली.

"ह्ये कुनाला बोल्लीस?"

लक्ष्मीनं नाही म्हणून मान हलवली.

"बोलू नगंस. नवऱ्याला बी न्हाय." आणि मग मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काटा बिघाडला हुता माजा."

बाहेर पडल्यावर मी भडकले. म्हटलं, हे काय तुम्ही बोललात? तुमचा काटा बिघडलेला नाही, मला माहीत आहे, गेल्या वजनाच्या दिवशीच मी त्यावर साखर तोलून बघितली. त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "माज्या हाताला लागलं हुतं बाई, काय तरी टनक. लोकंड ठेवलं आसंल म्हनून मान ठेवला. नंतर तोलायचंच हुतं की. ऱ्हायलं. मग काटा म्हंजे कोन? मीच की."

"पण सगळं तुमच्या माथी येईल."

"माज्या माथी आलं तर मी घरी जाईन. तिच्या माथी आलं तर तिला ह्याच गल्लीत ऱ्हायचं हाय. पोराला मारलं म्हनतील जलमभर. आन् तिला आजून लेकरं व्हायची हायती. ती काट्याकडं परत आली पायजे बाई. दुसरं मला काय बी नगं." मला शपथ घातली त्यांनी. स्वतःच्या गळ्याची.

झालं तसंच. वरून खुलासा मागवला, त्यांनी काटा सदोष होता असं लिहून दिलं, गल्लीतही तेच सांगितलं, बोलणी खाल्ली. ते एक वेळ ठीक. पण गल्ली फिरली. जिनं कपाळभर कुंकू लावलं होतं ती नरसम्माच दारात उभी राहून म्हणाली, "खोट्या काट्याची बाई! लेकरू खाल्ली." सिस्टर ऐकून पुढं गेल्या. वजनाच्या दिवशी खोली रिकामी पडायला लागली. दारावर हाक मारली तर आतून ओ येईना. सूदी अक्का वच्चिंदी, असं ओरडणाऱ्या पोरांना आया हाताला धरून आत ओढायच्या. लपण्यातला खेळच निघून गेला.

एक दिवस सिस्टर आल्या तर काटा निळा. हाताच्या नखांत निळा रंग.

"नवा काटा दिलाय म्हनून सांगा बायास्नी," म्हणाल्या.

मी बघतच राहिले. काट्याला काही झालं नव्हतं, तो पहिल्यापासून खरा होता, आणि खऱ्या काट्याला या बाईनं रात्र जागून नव्याचं सोंग चढवलं होतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मी तोंड फिरवून खडू शोधायला लागले. बायांना मी सांगितलं, नवा आहे. काही आल्या, काही नाहीच आल्या. नरसम्माच्या घरातलं कुणी आलं नाही.

पण लक्ष्मी आली. पुढं तिला मुलगी झाली, गौरी. पहिल्या वजनाला लक्ष्मीनं झोळीपाशी येऊन स्वतःच दुपटं सोडलं, अंगडं काढलं, मनगटातला काळा दोरासुद्धा काढून टेबलावर ठेवला. कोण काय बघतंय याची तिनं पर्वा केली नाही. सिस्टरांनी गौरीला झोळीत ठेवलं, काट्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "बाई, तुमी वाचा. मला दिसंना झालंय." मी वाचलं. बरं होतं वजन. पुढच्या बारीला आणखी बरं होतं. एकदा घसरलं तेव्हा सिस्टर काही बोलायच्या आत लक्ष्मी म्हणाली, "दवाखान्यात जाते, अक्का." तिच्या वाटची पानं कुणी घेईना, तेव्हा सिस्टर स्वतः उंबऱ्यात बसून विड्या वळायला शिकल्या. त्यांच्या विड्या चेकरनं टाकून दिल्या असणार, पण उरलेल्या मी आणि ते बघून पुढं आलेल्या दोघींनी वळल्या. गौरी तरली.

सिस्टर निवृत्त होऊन जेऊरला गेल्या आणि फार दिवस राहिल्या नाहीत. त्या गेल्याचा फोन मला आला तेव्हा वजनाचाच दिवस होता, खोलीत बाया होत्या. मी सांगितलं. मग लक्ष्मी उठली, आणि आता तिला आलेल्या तोडक्यामोडक्या तेलुगूत, मराठीत, सगळं सांगून टाकलं. कात्री, दुपटं, दवाखाना, सगळं. सिस्टर निवृत्त झाल्यावर परत यायला लागलेली नरसम्मा त्या दिवशी नातू घेऊन आली होती. "मी बोल्ली तिला," एवढंच म्हणत राहिली. जिनं ऐकायला हवं होतं ती बाई नव्हती, मग कुणाचा पश्चात्ताप घेऊन मी काय करू?

मला मात्र त्यांचा आमच्या गल्लीतला शेवटचा दिवस दिसतो. निरोप समारंभ कचेरीत झाला होता, शाल-नारळ वगैरे. गल्लीत काही नव्हतं. काटा माझ्या हवाली केला, म्हणाल्या, "असू द्या हितंच. आता लोकं त्याला नवा समजाय लागल्यात." मग लसींचा डबा खांद्याला लावून नेहमीसारख्या दारोदार निघाल्या. मी अंगणवाडीच्या पायरीवर उभी होते. प्रत्येक दारात थांबून लेकराच्या नावानं हाक मारत होत्या. कुठून ओ आली, कुठून बारीकशी आली, नरसम्माच्या दारात नुसतं सूप पाखडल्याचा आवाज आला. तिथं थोडं थांबून त्या पुढं गेल्या.

शेवटचं दार लक्ष्मीचं. "गौरी!" आतून लगेच, "ओ!"

सिस्टर निघाल्या नाहीत. मल्लू गेल्यापासून त्या दारात दुसरी हाक त्यांनी कधी मारली नव्हती. त्या दिवशी पदर तोंडाशी नेला, परत खाली घेतला, आणि हळूच म्हणाल्या, "मल्लू... येते रं, बाळा."

आत पानं कापणारी कात्री थांबली. मागाच्या खडखडाटातूनही मला ते कळलं. आणि मग आतून आवाज आला, "ओ."

सिस्टरांनी मान हलवली, डबा सावरला आणि चप्पल फटफट वाजवत कोपऱ्याला वळल्या.